सात नगांच्या भालेरावबाई

परवा माझ्या सुनेनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशातली एक गोरी मुलगी कपाट उघडून उभी होती. कपाटात मोजून तीस कपडे. कुठलाही कपडा कुठल्याही कपड्यावर चालतो, वर्षभर नवं काही घ्यायचं नाही, पृथ्वीवर भार नको, असं ती हसत हसत सांगत होती. सून म्हणाली, "आई, किती छान आहे ना? मी पण करणार आहे." सुनेची दोन कपाटं आहेत आणि दोन्हींची दारं गुडघ्यानं दाबल्याशिवाय लागत नाहीत, हे मी बोलले नाही. एवढंच म्हणाले, "तीस कशाला लागतात? आमच्या भालेरावबाईंचे सात होते."

"सात? फार साध्या असतील ना त्या?"

साध्या! भालेरावबाईंना साध्या म्हणणारं माणूस आमच्या कॉलनीत दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. चिकट म्हणायचे, हेकट म्हणायचे, तोंडाच्या फटकळ म्हणायचे. ते सगळं थोडंथोडं खरं होतं. सुनेला मी पुढं काही सांगितलं नाही, कारण बाईंचं सांगायचं तर मला माझंही सांगावं लागलं असतं. ते इथं सांगते.

चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या मागं आमची कॉलनी होती. कॉलनी म्हणायचं आपलं, पत्र्याच्या खोल्यांच्या सहा गल्ल्या. आमचा मूळ धंदा मेंढरांचा, गाव करमाडच्या पलीकडं. चरायची रानं कमी झाली तसे वडील शहराकडं आले आणि एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. खांद्यावर घोंगडी तीच राहिली, हातातल्या काठीच्या जागी दंडुका आला. मी मॅट्रिकला गणितात आपटले आणि घरात बसले. तेव्हा नवे नवे कारखाने उघडत होते, त्यांना गणवेश लागत, कव्हरं लागत. शिवणारी पोरगी कामाला लागते असं आई ऐकून आली. शिवणक्लास एकच होता, चौथ्या गल्लीत, भालेरावबाईंचा. चौथी गल्ली बौद्धांची. आई दोन दिवस विचार करत होती. मग म्हणाली, "सुई-दोरा शिक, पण पानी आपल्या घरचं घेऊन जात जा."

मी बाटली घेऊन गेले. बाईंनी ती पाहिली. तिचा अर्थ त्यांना कळला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाटली खाली ठिव, कापडावर सांडंल. तहान लागली की पी, तुझंच हाय." बाकीच्या पोरी खाली मान घालून हसल्या. चौथ्या दिवशी मी बाटली घरी विसरले आणि त्यांच्या माठातलं पाणी प्याले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते, मुद्दाम ठेवून गेले होते. बाईंनी तेही पाहिलं, पण कौतुक केलं नाही. त्यांच्या माठातलं पाणी पिणं ही कौतुकाची गोष्ट आहे असं त्यांना मुळी वाटतच नव्हतं. मला मात्र आजही त्या बाटलीची लाज वाटते.

बाई उंच, किडकिडीत, काळ्यासावळ्या. गळ्यात मोजपट्टी, तीही कंबरेशी एकदा दुमडून. पहिला धडा मशीनवर नसायचा. "घरी जा आन तुझे सगळे कपडे घेऊन ये. फाटके बी." पोरी गाठोडी घेऊन यायच्या. चटईवर एकेक कपडा मांडला जायचा आणि बाई विचारायच्या, "हे कशावर घालती? आन ते?" ज्याच्या जोडीला दुसरं काहीच नाही तो कपडा त्या उचलून बाजूला टाकायच्या. "ज्याचं कुनाशीच पटत नाय असला कपडा घरात आनू नको. पेटीत पडून ऱ्हातो आन जागा खातो." सिल्लोडची एक कौसर होती, आमच्या बॅचला. तिच्या लाल शरार्‍याला बाईंनी हात घातला तशी ती त्याच्यावर आडवीच पडली. "बाई, ये मेरी शादी का है, इसको हात नक्को लगाव!" बाईंनी शरारा उलटा करून शिवण पाहिली, "शादी कवा हाय?" "अब्बी ठहरी नै." "मग तवर जाडी होशील तू. शिवन दोन बोटं सैल करून ठिव." आणि शरारा घडी घालून परत दिला. पोरी पोट धरधरून हसल्या.

बाईंचे स्वतःचे नग सात. तीन साड्या, दोन झंपर, दोन परकर. एक साडी निळी, एक राखी आणि एक पांढरी. पांढरी विहारात जायची, जयंतीची, लग्नकार्याची. माझी आई बरेच दिवस समजत होती की बाई विधवा म्हणून पांढरं नेसतात. विधवा त्या होत्या, पण पांढऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्यांच्यात नवरीसुद्धा पांढरी साडी नेसते हे मी सांगितलं तेव्हा आई कपाळाला हात लावून बसली. झंपर एक पांढरं, एक निळं. दोन्ही तिन्ही साड्यांवर चालणारी. धुतलेलं नेहमी कडक घडीचं, काखेत ठिगळ असलं तरी ते असं बसवलेलं की दाखवल्याशिवाय कळायचं नाही. आठवा नग घरात आला तर पहिल्या सातांतला एक जायचा. जायचा म्हणजे कुठं? साडीचा परकर, परकराची उशीची खोळ, खोळीचं मशीन पुसायचं फडकं. त्या फडक्याची वात करून लावलेलीही मी पाहिलीय.

एके वर्षी आम्ही पोरींनी वर्गणी काढून बाईंना लोखंडी कपाट दिलं. हिरवं, आरशाचं. दुसऱ्या दिवशी गेले तर कपाटात दोऱ्याची रिळं, बटणांचे डबे, मासिकांतून कापलेले नमुने, आणि बाईंचे कपडे होते तिथंच, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या खाकी पिशवीत. मला राग आला. म्हटलं, "बाई, आमचं कपाट आवडलं नाही का?"

"लई आवडलं."

"मग कपडे?"

बाईंनी मशीन थांबवलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव पहिल्यांदा झाला त्या पावसाळ्यातलं त्यांनी सांगितलं. खेड्यांतल्या वस्त्या जळत होत्या हे मला मोघम ठाऊक होतं. आमच्या गावात काही झालं नाही असं वडील म्हणायचे आणि मी कधी जास्त विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "पत्र्यावर दगुड पडाया लागले. मालकांनी वंदीला माज्या कडेवर दिलं आन मागच्या दारानं काढून दिलं. त्यान्ला लई मारलं. वर्सभर जगले, पन उठले नाय. मी ज्वारीतून चालत आले. अंगावर एक साडी, चिखलानं भरल्याली. हितं शाळेत ठिवलं व्हतं आमाला, नऊ दिस त्याच साडीत. मग एका बाईनं तिची जुनी साडी दिली. चांगली बाई व्हती, खोटं कामून बोलू? पन पुढं बाजारात गाठ पडली तर चार जनींत म्हनली, ही माजीच साडी न्हवं का, अजून टिकली की. मी घरी आले, साडी धुतली, घडी घातली आन तिला नेऊन दिली. तवा ठरिवलं. परत निगायची येळ आली तर आपलं आपल्या हातात पायजे. सात नग एका पिशवीत बसत्यात. जास्त झालं तर उचलत नाय."

मी म्हटलं, आता कुठं तसं होणार आहे? बाई म्हणाल्या, "नाय व्हनार," आणि मशीन सुरू केलं.

वंदी म्हणजे वंदना, त्यांची एकुलती एक लेक. त्या पावसाळ्यात कडेवर आलेली, तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते शाळेत पोरी तिला 'निळी' म्हणायच्या ते. तिचेही सात नग, तेही निळे-पांढरे. आई तिला जीव लावायची, उपाशी कधी ठेवलं नाही, बारावीपर्यंत शिकवलं. पण फ्रॉकच्या बाबतीत दयामाया नाही. वंदना वाळूजला एका कंपनीत जोडणीच्या कामाला लागली आणि पहिल्या पगाराची साडी घेऊन आली. गर्द जांभळी, सोनेरी बुट्ट्यांची, जाड. बाईंनी हातात घेऊन चुरगाळून पाहिली. "कशावर चालती ही?"

"कशावर नको चालायला. मला ही एकटीच आवडते."

"आन पिशवीत कशी बसंल?"

"पेटीत ठेवीन." आणि तिनं खरंच एक पत्र्याची पेटी आणली. तिला कंपनीतलाच मुलगा आवडला होता, प्रकाश नावाचा, घरचेही राजी होते. साखरपुड्याला ती हीच साडी नेसणार होती. मला तिनं ती तीनदा नेसून दाखवली. मोठी गोड दिसत होती.

पुढं विद्यापीठाला ते नाव एकदाचं लागलं. चौथ्या गल्लीत पेढे वाटले, बाई पांढरी साडी नेसून नाचल्या, खोटं वाटेल पण नाचल्या. आणि दोन-तीन दिवसांत खेड्यांतून पुन्हा बातम्या यायला लागल्या. थंडी मरणाची होती. आमच्या समाजमंदिरात माणसं येऊन उतरली, अंगावरच्या कपड्यांनिशी. सात-आठ घरं, अकरा लेकरं. कॉलनीनं धान्य दिलं, जुने कपडे दिले. माझ्या आईनं, त्या माझ्या आईनं, दोन चादरी आणि तव्याएवढ्या वीस भाकरी दिल्या.

बाईंनी जुने कपडे लेकरांच्या अंगात तसेच घालू दिले नाहीत. "लोंबतं कापड घातलं की पोराला कळतं, हे दुसऱ्याचं हाय. मापानं शिवलं की त्याचं सवताचं व्हतं." एकेका पोराला पुढं घेऊन माप घ्यायच्या. "हात वर. आरं, सायबाची ऐट तर बघा!" रडणारी पोरं हसायची. क्लास संपून वर्षं झाली तरी मी बाईंच्याच हाताखाली शिवत होते; दोन दिवस मी आणि त्या मशीनवरून उठलो नाही. दुहेरी कापडाचे, लांब बाह्यांचे सात लेकरांचे कपडे झाले. मग कापड संपलं. दुकानं बंद, बसगाड्या बंद, रस्त्यावर पोलीस. चार पोरी राहिल्या, त्यांतली एक तापानं फणफणलेली, पोत्यात गुंडाळलेली.

बाई उठल्या, वंदनाची पेटी उघडली आणि जांभळी साडी आणून फळीवर पसरली.

मी म्हटलं, "बाई, ही वंदीची आहे."

"व्हय."

"साखरपुडा आठ दिवसांवर आलाय. तिला विचारून तरी..."

"ती कंपनीत अडकलीय. पोरगी आत्ता गारठलीय."

माझी नजर खिळ्यावरच्या पिशवीकडं गेली. अंगावर राखी साडी होती, म्हणजे पिशवीत दोन होत्या. माझी नजर कुठं गेली ते बाईंनी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "धर नीट. तिरकं जाईल." आणि मी दुसरं टोक धरलं. मला बोलता आलं असतं. मी सव्वीस वर्षांची होते, लहान नव्हते. पण बाईंपुढं बोलायची सवय नव्हती, आणि ती तापाची पोरगी समोर समाजमंदिराच्या दारात दिसत होती. कात्री त्या जाड कापडातून करकरत गेली. संध्याकाळपर्यंत चार झगे झाले, बुट्ट्या बरोबर छातीवर येतील असे.

वंदना दुसऱ्या दिवशी दुपारी आली, अर्धी वाट चालत. नळावर तिला जांभळ्या झग्यातली एक पोरगी भेटली, तिनं चौघींचं सांगितलं. घरात आली ती तिथूनच पेटीकडं गेली, पेटी उघडून पाहिली, परत लावली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. तो झाला असता तर बरं झालं असतं.

"चार झाले?" तिनं विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या.

"पोरं गारठली होती, कळतं मला. मी घरात असते तर माझ्या हातानं दिली असती. पण तुझी पिशवी होती ना तिथं? दोन साड्या होत्या तिच्यात. त्यातली एक का नाही कापलीस?"

बाईंनी खिळ्यावरच्या पिशवीवर हात ठेवला. "ती लागती," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"निगाया."

"मी कुठं निघणार नव्हते, आई. मला इथंच राहायचं होतं. तेवढ्यासाठीच घेतली होती मी साडी." मग ती माझ्याकडं वळली. "अल्काताई, दुसरं टोक तूच धरलंस ना? आईला एकटीला एवढं सरळ कापता येत नाही."

मी हो म्हणाले. त्यापुढं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

साखरपुड्याला तिच्यासाठी दुसरी साडी घेता आली असती. बाईंनी पांढरी देऊ केली, कॉलनीतल्या बायकांनी देऊ केल्या. तिनं कुणाची घेतली नाही. ऐनवेळी नणंद होणाऱ्या मुलीनं स्वतःची गुलाबी साडी आणली, ती मात्र निमूट नेसली. पाट मांडले, हार घातले. नणंद मनानं चांगली, हसरी मुलगी होती. ती फोटोच्या वेळी म्हणाली, "बघा बरं, माझी साडी वहिनीला माझ्यापेक्षा शोभते!" सगळे हसले. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला तिथं उभं राहवेना. त्या न जेवता उठून गेल्या.

लग्नानंतर वंदना वाळूजकडं राहायला गेली. भांडण असं झालंच नाही. ती यायची नाही, एवढंच. सणाला नाही, आजारपणाला नाही. जयंतीच्या मिरवणुकीत दिसायची, पण सासरच्या माणसांत उभी असायची. बाईंनी दोन-तीनदा तिकडं चक्कर मारली. जावई चहा द्यायचा, वंदना आतल्या खोलीत काहीतरी करत राहायची. क्लास चालू होता. फक्त गाठोडी आणायला लावायचा तो पहिला धडा बाईंनी बंद केला. नव्या पोरी थेट मशीनवर बसायच्या.

माझं लग्न होऊन मी जालन्याला आले. माहेरी गेले की चौथ्या गल्लीत डोकवायचे, पण खरं सांगते, जास्त वेळ बसायचे नाही.

वंदनाला मुलगी झाली ते मला आईकडून कळलं. पहिलं बाळंतपण, पण ती माहेरी आली नव्हती, आणि ते का ते सगळ्या कॉलनीला माहीत होतं. त्याच खेपेला मी परत जालन्याला निघाले होते. चिकलठाण्याच्या थांब्यावर उभी होते तर शहराकडून आलेल्या बसमधून बाई उतरल्या. फारच वाळल्या होत्या. अंगावर निळी साडी, हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं, वरून सुतळी.

"वाळूजला गेले व्हते," मी न विचारताच त्या म्हणाल्या. "बाळाला दोन झबली, टोपडं आन दुपटं शिवलं व्हतं. जावयानं दारात परत दिलं. लई अदबीनं बोलला बिचारा. म्हनला, आई, ती घेत नाय म्हनती."

तान्ह्या बाळाला आमच्याकडं नवं कापड घालत नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या साडीचं शिवतात. मी विचारलं, "कशाचं शिवलं?"

"पांढरीचं."

मग मी म्हणाले, "बाई, मी जाते वाळूजला. मी तिला सांगते हे कशाचं आहे ते. तेव्हा बोलले नाही, आता तरी बोलते."

"नको." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "सांगून घालाया लावलं तर ते बाळाच्या अंगावर नाय, वंदीच्या उरावर बसंल. तिला वाटंल तवा घेईल."

त्या थांब्याच्या कट्ट्यावर बसल्या. सुतळीची गाठ बाईंच्या हातची होती, दुहेरी, तिला कुणी हातही लावला नव्हता. ते त्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. नखानं सुटेना तेव्हा त्यांनी ती दातानं सोडली. एक झबलं बाहेर काढलं, एवढंसं, गळ्याला निळ्या दोऱ्याचा टाका. उजेडात धरून शिवण पाहिली आणि कनवटीचं ब्लेड काढून तिथंच बगलेपासून उसवायला लागल्या.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"कापड उरलंय अजून. दोन्ही अंगाला पट्टी टाकती. घ्यायला वर्स लागलं तरी लेकराला यावं."

जालन्याची गाडी आली. बाई म्हणाल्या, "जा, चुकंल तुझी." मी चढले. खिडकीतून हात केला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. मान खाली घालून त्या एकेक टाका उसवत होत्या.